हातोडा काढा, रोजनामा आणा

मराठीत कोर्टाचा विनोदी गेम करायचं ठरलं की पहिल्याच रेखाटनात न्यायाधीशांच्या हातात लाकडी हातोडा येतो. मग "ऑर्डर, ऑर्डर", लाल कापडात गुंडाळलेली गीता आणि टेबलावर मूठ आपटणारा वकील. यातलं काहीच आपल्या कोर्टात नसतं. हातोडा भारतीय न्यायाधीश वापरत नाहीत. १९६९ च्या शपथ कायद्यात गीतेचा उल्लेख नाही. ईश्वरसाक्ष किंवा प्रतिज्ञेवर खरं सांगेन, एवढं पुरतं. ज्युरी तर कधीच गेली. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात नानावटी खटल्यात ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी आरोपी निर्दोष ठरवला, न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही.

मुद्दा तपशिलाच्या शुद्धतेपुरता असता तर एक वकील सल्लागार नेमून भागलं असतं. पण उसन्या कोर्टात विनोदही उसनाच येतो. या प्रकारच्या गेमचा पाया जपानमध्ये २००१ साली 'ग्याकुतेन साइबान' या गेमनं घातला. जग त्याला 'एस अटर्नी' म्हणून ओळखतं. सात माणसांच्या चमूनं तो हातात मावणाऱ्या गेमबॉय ॲडव्हान्स या छोट्या खेळयंत्रासाठी केला होता. त्यातला खटला जास्तीत जास्त तीन दिवस चालतो. साक्षीदार पाच-सहा वाक्यं बोलतो, खेळाडू एकेका वाक्यावर टोकतो किंवा पुरावा पुढे करतो, आणि विसंगती सापडली की पडदाभर "आक्षेप!" उमटतो. तिथल्या घाईघाईच्या, जवळजवळ ठरलेल्या दोषसिद्धीची ती टिंगल आहे. मुंबईत तीन दिवसांत वकालतनामा दाखल होऊन साहेबांसमोर, म्हणजे न्यायाधीशांसमोर, आला तरी पेढे वाटावेत. आपल्याकडे हसू येतं ते घाईचं नव्हे, उशिराचं आणि कागदाचं. म्हणून मराठी गेम या साच्याचा अनुवाद असू नये. तो रोजनाम्यातून, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीतून, लिहावा.

गिरगाव, भोईवाडा, कुर्ला किंवा आझाद मैदानाजवळचं किल्ला कोर्ट, कुठेही मागच्या बाकावर तासभर बसलं तर एक गोष्ट लक्षात येते. साक्षीदार जे बोलतो ते कागदावर जात नाही. साक्ष सहसा प्रश्नोत्तरांच्या नव्हे, कथनाच्या रूपात नोंदवली जाते. वकील विचारतो, साक्षीदार बोलतो, साहेब दोन्ही ऐकून स्टेनोला एक वाक्य सांगतात आणि प्रश्न उत्तराच्या पोटात गडप होतो. म्हणजे असं:

वकील: त्या रात्री तुम्ही गच्चीवर होतात की नव्हतात?

साक्षीदार: अहो साहेब, होतो म्हणजे कसं, पाणी भरायला उठलो होतो. जिन्यात होतो. आता जिना गच्चीलाच जातो त्याला मी काय करू?

नोंद: "हे म्हणणे खरे नाही की, मी त्या रात्री गच्चीवर होतो. मी जिन्यात होतो."

हा माणूस आयुष्यात कधी "हे म्हणणे खरे नाही की" असं बोललेला नाही. पण कागदावर तो तसाच बोलतो, आणि ती साक्ष त्याचीच ठरते. मुंबईत तर साक्ष मराठीत आणि नोंद इंग्रजीत हाही प्रकार सर्रास चालतो. म्हणजे जिना एकदा मराठीत चढायचा आणि एकदा इंग्रजीत उतरायचा. बोललेलं आणि लिहिलेलं यांच्यातली ही फट हाच मराठी कोर्ट-गेमचा मुख्य खेळ व्हावा. पडद्यावर दोन चौकटी ठेवाव्यात: वर साक्षीदाराचं बोलणं, खाली टाइप होत जाणारी नोंद. खेळाडूनं फक्त खोटं पकडायचं नाही, नोंदीत निसटलेला शब्दही पकडायचा. "साहेब, साक्षीदार असं म्हणाला नाही" हे बटण "आक्षेप!"पेक्षा जास्त वापरलं गेलं, तर गेम मुंबईचा झाला म्हणायचा.

नमुन्यादाखल एक प्रकरण मांडून बघू. गिरगावातल्या चाळीच्या गणेश मंडळाचा महाप्रसादाचा ॲल्युमिनियमचा टोप नाहीसा होतो. मंडळाच्या चिटणिसांनी फिर्यादीत सांगितलं, "आचाऱ्यांनी टोप नेला." लिहिलं गेलं, "आचार्यांनी टोप नेला." एका रफारानं स्वयंपाकी सुटला आणि तिसऱ्या मजल्यावरचे आचार्य गुरुजी अडकले. आता टोप म्हणजे भांडं, तसाच टोप म्हणजे केसांचाही. गुरुजी हौशी नाटकात काम करतात. पोलिसांनी त्यांच्या ट्रंकेतून टोप जप्त केला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या, आणि मुद्देमाल यादीत ओळ पडली: "टोप, एक नग, काळा."

हा विनोद इंग्रजीत जात नाही, हिंदीतही नाही. मराठीत तो पुराव्याचं काम करतो. फिर्यादीत टोपाचं वजन अंदाजे ९ किलो, आणि मुद्देमाल म्हणून टेबलावर आलेली वस्तू वाऱ्यानं हलते. खेळाडूला तराजू मागावा लागेल, त्यासाठी अर्ज करावा लागेल, आणि अर्जाला कोर्ट फीचा स्टॅम्प लावावा लागेल.

पण हा विनोद पडद्यावर टिकवणं तांत्रिकदृष्ट्या सोपं नाही, आणि बहुतेक हौशी चमू नेमके इथे आपटतात. 'ऱ्य' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांत, दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि य. दुसऱ्या प्रकारातला जोडक डोळ्यांना दिसत नाही. संवाद स्प्रेडशीटमध्ये लिहून गेममध्ये ओढताना एखादी सफाईची स्क्रिप्ट असली 'अदृश्य' चिन्हं पुसते, आणि उरतं काय? र, हलन्त, य. म्हणजे र्य. गेममधल्या पोलीस ठाण्यात झालेली चूक गेमच्या बिल्डमध्ये, म्हणजे खेळायला तयार झालेल्या आवृत्तीतही, होते आणि आचाऱ्यांचे पुन्हा आचार्य होतात. तेव्हा पहिल्या दिवशीच ठरवावं: सगळीकडे ऱ हेच चिन्ह, आणि आयात करताना 'र्य' असलेल्या प्रत्येक शब्दाची यादी काढून माणसानं ती डोळ्यांखालून घालायची. कार्य, सूर्य, आचार्य राहतील; कोपर्यात, दुसर्या, वार्यावर पकडले जातील.

गेम ज्यावर बांधायचा ते इंजिन निवडतानाही हाच निकष. युनिटी या इंजिनातलं मजकूर दाखवणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जोडणी स्वतःहून करत नाही. 'किल्ला'तली वेलांटी क नंतर जाऊन बसते आणि ल्ल फुटतो. गोडो या इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीपासून आणि रेनपायच्या अलीकडच्या आवृत्त्यांत अक्षरं जोडणारं हार्फबझ आहे, तिथे अक्षरं नीट जुळतात. संवादावर चालणाऱ्या द्विमितीय गेमला तेवढं पुरे. दोन्ही फुकट आहेत. फॉन्टसाठी मुंबईच्याच 'एक टाइप'चे मुक्ता आणि बालू खुल्या परवान्यात मिळतात. नोंदीला मुक्ता, आरड्याओरड्याला बालू. ओळींमधलं अंतर रोमनच्या सवयीनं ठेवलं तर वरचा रफार आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. अक्षराच्या उंचीच्या दीडपट ठेवावं. संवादाची चौकट तीन ओळींची, सहा इंची फोनवर ओळीत तीसेक अक्षरं.

टाइप होत जाणारा मजकूर ही या प्रकारातली जुनी गंमत, आणि ती देवनागरीत हमखास बिघडते. 'न्यायाधीश' या शब्दात अक्षरं चार (न्या, या, धी, श), पण संगणकाच्या लेखी चिन्हं नऊ. एकेक चिन्ह दाखवलं तर आधी न, मग लटकता न्, मग न्य, मग न्या अशी उचकी लागल्यासारखा शब्द उमटतो आणि टिकटिक आवाज चारऐवजी नऊदा होतो. मजकूर अक्षरगटांनी तोडावा. इथेही एक खाच आहे: युनिकोडच्या जुन्या नियमात जोडाक्षर हलन्तापाशी तुटतं, ते एकसंध धरण्याचा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. लायब्ररी त्याआधीची असेल तर जोडाक्षरांची व्यवस्था स्वतः करावी लागते.

आता तारीख. जपानी साच्यात चुकीचा पुरावा दाखवला की एक संधी कमी होते आणि संधी संपल्या की हार. आपल्याकडे चूक केली की तारीख पडते, आणि तारखेनं लगेच कोणी हरत नाही. फक्त जग थोडं सरकतं. साक्षीदार निवृत्त होऊन सावंतवाडीला जातो, पंचाला चष्मा लागतो, तपासी अंमलदाराची बदली होते, साहेबही बदलतात. उलट काही गोष्टी तारीख पडल्यावरच मिळतात: कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल चौथ्या तारखेआधी येणारच नाही. म्हणजे खेळाडूला कधी तहकुबी टाळायची असते आणि कधी हात जोडून मागायची असते. तहकुबी ही शिक्षा न राहता नाणं होते. फौजदारीत नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं पक्षाच्या आवाक्याबाहेरच्या कारणासाठीही दोनपेक्षा जास्त तहकुबी नकोत असं म्हटलं आहे, दिवाणीत एका पक्षाला तीन. पडद्याच्या कोपऱ्यात दोनच ठिपके काढावेत. तिसरी तारीख पडली की तिसरा ठिपका चौकटीबाहेर, भिंतीवर. सातवा थेट पंख्यावर. एकही शब्द न लिहिता एवढा विनोद झाला.

यात धोका असा की तारखांनुसार कथा फोडत गेलं तर फांद्या आवरत नाहीत. आठ तारखा आणि सहा 'झालं की नाही' गोष्टी धरल्या तरी पाचशेच्या वर अवस्था होतात, आणि चमूत लेखक एकच असतो. तारीख हा साधा वाढता आकडा ठेवावा आणि संवादांना उंबरठे द्यावेत: तिसरीपर्यंत हा संवाद, चौथीपासून तो. दुसरा सापळा कोंडीचा. पाचव्या तारखेला साक्षीदार गावी गेला आणि त्याला महत्त्वाचा प्रश्न विचारायचाच राहिला, तर खेळाडू दोन तास आंधळ्या गल्लीत खेळत बसतो. त्यासाठी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट, मग कोकणातून रात्रभर प्रवास करून आलेला चिडका साक्षीदार, अशी महागडी पण उघडी वाट ठेवावी.

विसंगती सिद्ध करण्याची आपली रीत खेळाच्या दृष्टीनं जपानी रीतीपेक्षा जास्त रंगतदार आहे. पोलिसांना दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, आणि तो जबाब साक्षीदाराला खोडून काढण्यापुरताच वापरता येतो. पायऱ्या तीन. आधी साक्षीदाराला आजच्या विधानावर पक्का करायचा. मग जबाबातला विसंगत भाग दाखवून विचारायचं आणि त्या भागाला 'अ' अशी खूण पाडून घ्यायची. शेवटी जबाब नोंदवणाऱ्या तपासी अंमलदाराकडून वदवून घ्यायचं की हो, साक्षीदारानं तेव्हा असंच सांगितलं होतं. तिसरी पायरी विसरली तर पहिल्या दोन वाया. गेममध्ये विसंगती सापडली तेव्हा आनंद अर्धाच द्यावा; उरलेला अर्धा चार तारखांनंतर, अंमलदार नव्या नेमणुकीहून येईल तेव्हा. दरम्यान साक्षीदाराकडे एक हुकमी वाक्य असतं, जे मराठी साक्षींच्या कागदांत पानोपानी सापडतं: "माझ्या जबाबात तसे का लिहिले नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही." हे वाक्य मंडळाच्या खजिनदारानं पहिल्यांदा म्हटलं की खेळाडू हसेल, पाचव्यांदा म्हटलं की दात-ओठ खाईल. दोन्ही हवंच.

'आक्षेप!'चंही असंच. सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली सांगितलं की पुराव्यावरचा आक्षेप नोंदवून ठेवा, काम थांबवू नका, निर्णय शेवटी द्या. २०२१ साली भूमिका बदलली: प्रश्नावरचा आक्षेप शक्यतो तिथल्या तिथे, नाहीतर त्या साक्षीच्या शेवटी तरी निकाली काढा. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत "आक्षेप!" उमटावा आणि साहेबांनी मान वर न करता "नोंद घेतली" म्हणावं. अक्षरं विरघळू नयेत. घडी होऊन फायलीत जाऊन बसावीत. साक्ष संपताना फाईल उघडते आणि सगळे आक्षेप एकदम अंगावर येतात, खेळाडूनं वेंधळेपणानं घेतलेलेही.

लिखाणाचा अंदाज आधीच बांधलेला बरा. एका प्रकरणाला पंधरा हजार शब्द लागतात. एका साक्षीत सहा विधानं आणि हाताशी बारा पुरावे धरले तर बहात्तर जोड्या होतात. अशा तीन साक्षींत दोनशे सोळा. त्यातल्या तीन बरोबर. उरलेल्या दोनशे तेरांवर खेळाडूला "चूक" एवढंच ऐकवलं तर विनोदी गेम मेला. सगळ्यांना वेगळं उत्तर लिहिणं शक्य नाही, पण चाळीसेक लिहावीत, आणि ती त्या जोड्यांना द्यावीत जिथे शहाणा खेळाडूही चुकेल. केसांचा टोप प्रत्येक विधानावर दाखवून बघणारा खेळाडू असतोच असतो. त्याला प्रत्येक वेळी नवं उत्तर मिळालं पाहिजे, शेवटी साहेबांनी स्वतः तो डोक्यावर ठेवून बघेपर्यंत.

कायद्याचा भाग लिहिताना घटनेची तारीख आधी ठोका. १ जुलै २०२४ पूर्वीची चोरी असेल तर भारतीय दंड विधानाचं कलम ३७९, नंतरची असेल तर न्याय संहितेचं ३०३. फरक आकड्यापुरता नाही. नव्या कलमात पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलाच गुन्हा आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल तर शिक्षा समाजसेवेची आहे. टोपाची पावती ३,६०० रुपयांची निघाली की खऱ्या टोपचोराच्या वाट्याला काय येऊ शकतं, हे मंडळाची खरकटी भांडी पाहिलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही.

आता भीतीचा मुद्दा. कोर्टावर हसलो तर बेअदबी होईल का? १९७१ च्या कायद्यात न्यायालयाला बदनाम करणं हा फौजदारी अवमान आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंतची साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणावगुणांवर रास्त टीका हा अवमान नाही, असंही तोच कायदा सांगतो. व्यवहारात चार पथ्यं पुरतात: कोर्ट काल्पनिक, न्यायाधीश कोणा हयात व्यक्तीसारखे दिसणार नाहीत, चालू खटल्याची छाया नाही, आणि साहेबांच्या मागच्या भिंतीवर अशोकस्तंभ काढायचा नाही. शेवटचं पथ्य बहुतेक चित्रकार विसरतात. राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. तिथे बंद पडलेलं घड्याळ लावावं.

आणि हसण्याची परंपरा म्हणाल तर ती दगडात कोरलेली आहे. १८७८ साली पूर्ण झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीत एका खांबावर माकड न्यायाधीश बसलाय, एका डोळ्यावर पट्टी आणि हातात तराजू. वकिली पट्टे लावलेला कोल्हाही आहे. कोर्टात दावा हरलेल्या एका पारशी पोटकंत्राटदारानं असा सूड उगवला, अशी कथा सांगतात. कथा कशीही असो, दीडशे वर्षांच्या आसपास माकड जागचं हललेलं नाही.

खरी जपायची गोष्ट वेगळी आहे: हसायचं कोणाला. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस दर शंभर कैद्यांमागे पंचाहत्तरच्या वर कच्चे कैदी होते. ज्याचा खटला अजून चालायचा आहे असा माणूस आत बसलेला असताना तारखेवरचा विनोद दुसऱ्या टोकाला फार कडू लागतो. म्हणून आरोपीच्या बोबडेपणावर, साक्षीदाराच्या मालवणीवर, घरकामाला जाणाऱ्या बाईंच्या अडाणीपणावर हशा घेणारा संवाद लिहिलाच जाऊ नये. मराठी विनोदी मालिकांनी ती सवय लावली आहे आणि ती लेखकाच्या आळसाची सवय आहे. गमतीदार असावी ती कार्यपद्धती. साहेब, वकील, स्टेनो, पंच, चिटणीस, सगळे आपापल्या जागी शहाणे आणि गंभीर. कागदानं सगळ्यांना मिळून वेडं केलेलं. मालवणीत बोलणारा साक्षीदार सगळ्यांत स्पष्ट बोलतो आणि नोंदच गुळमुळीत निघते, असं उलटं लिहून पाहावं.

मराठीत खेळणार कोण, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर अर्थकारणात शोधलं तर निराशाच होईल; मराठी नाटक, मराठी दिवाळी अंक यांपैकी काहीच त्या हिशेबानं उभं राहिलं नसतं. राज्यानं २०२५ साली ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं, त्याच्या आदल्या वर्षी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. मराठी चित्रपटाला अनुदान मिळतं, तसं ते मूळ मराठीत लिहिलेल्या गेमच्या संहितेलाही मिळावं, आणि छाननी समितीवर निदान एक माणूस असा असावा ज्याला आचार्य आणि आचारी यांतला फरक पडद्यावर दिसतो. अनुवादित गेमला ते देऊ नये. इंग्रजीतून आलेला साक्षीदार "मला त्याबद्दल खात्री आहे, महोदय" म्हणतो, आणि तिथेच खेळाडू फोन खाली ठेवतो.

लेखकांनी तयारी म्हणून एकच करावं. फौजदारी खटले खुल्या न्यायालयात चालतात. वही घेऊन, फोन बंद करून दहा दिवस मागच्या बाकावर बसता येतं. पुकारा कसा होतो, तहकुबीचा अर्ज कोणत्या आवाजात दिला जातो, पुरशिस (पक्षकाराचं लेखी निवेदन) दाखल करताना वकील कुठे बघतो, हे दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

शेवटच्या पडद्यावर फटाके नकोत. आचार्य गुरुजी निर्दोष सुटले, केसांचा टोप त्यांना परत. खरा टोप आचाऱ्यांच्या गोदामात सापडला, कडेला ठोकून घातलेल्या मंडळाच्या नावासकट. तो मंडळाला सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळण्याच्या लेखी हमीवर, मिळतो, अट एवढीच की अपिलाची मुदत संपेपर्यंत मुद्देमाल आहे त्या स्थितीत ठेवावा, त्याचा वापर करू नये. गणपती आठ दिवसांवर आलेत.